कणेरीच्या गावगाड्यात एक दिवस

शाळू काढून झाला, मळणी उरकली, कडब्याची गंजी रचून झाली की आपल्याकडे माणसाला चार दिवस उसंत मिळते. या उसंतीत देवदेव होतात, लग्ने होतात, पाहुणेरावळे होतात. मुलाबाळांना घेऊन काही पाहायला जावे असे मात्र फारसे कोणी ठरवत नाही. आम्हीही ठरवले नव्हते. निमित्त घडले ते थोरल्या मुलीच्या अभ्यासाचे.

ती सहावीत आहे. एका संध्याकाळी पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, बलुतेदार म्हणजे काय?" मी कृषी पदविका घेतलेला, शेती खात्याच्या कामासाठी गावोगाव फिरणारा माणूस. व्याख्या तोंडपाठ होती. "गावाची कामं करायची आणि त्याबदल्यात सुगीला धान्य घ्यायचं, अशा कारागिराला बलुतेदार म्हणतात," असे सांगून मोकळा झालो. पोरीने पुढचा प्रश्न टाकला, "मग आपल्या गावात होता का असा कोणी?"

ओसरीवर आबा, म्हणजे माझे वडील, बसले होते. आम्ही सुतार. आबांनी पंधराव्या वर्षी वाकस हातात धरला आणि पुढे पस्तीस वर्षे गावाची औते भरली. म्हणजे बलुतेदार तिच्यापासून पाच हातांवर बसला होता आणि तिला तो ठाऊक नव्हता. चूक तिची नव्हती, माझी होती.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी घराचे काम काढले तेव्हा मागच्या पडवीत आबांच्या हातची एक कुरी पडून होती. पेरणी यंत्राचे प्रस्ताव मीच गावोगाव भरून घेत होतो, मग या लाकडाचे काय काम? मी ती फोडली आणि पाणी तापवायच्या बंबात घातली. आबा तेव्हा तिथेच उभे होते. "बाभळीचा जाळ चांगला असतुया," एवढेच म्हणाले आणि आत गेले. ते वाक्य पोरीच्या प्रश्नाने मला पुन्हा आठवले. त्याच रात्री ठरवले, येत्या रविवारी सगळ्यांनी कणेरीला जायचे.

सात एकरांतले गाव

कोल्हापूरहून कागलकडे निघाले की हमरस्त्यावर गोकुळ शिरगाव लागते. तिथून आत वळले की कणेरी मठ. मठाच्या आवारात सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. सांगलीकडून येणाऱ्याने जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूर गाठायचे आणि पुढे दहा-बारा किलोमीटर जायचे. ओळखीच्याची गाडी ठरवली, डब्यात भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी घेतली आणि पहाटेच निघालो. गाडीत आबा, आई, आमच्या सौ., थोरली आणि दुसरीतला धाकटा.

संग्रहालय म्हटले की काचेच्या कपाटातल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. इथे तसे नाही. सुमारे सात एकरांत उघड्यावर एक आख्खे गाव उभे केले आहे. ऐंशीच्या आसपास देखावे, तीनशेच्या आसपास माणसांचे पुतळे आणि शिवाय जनावरे. पुतळे सिमेंटचे, पण माणसाच्या मापाचे आणि रंगवलेले. लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, चांभाराची आरी, सुताराचे नेट, न्हाव्याची धोपटी, तेल्याचा घाणा, पेरणी, मळणी, विहिरीवरची मोट असे एकेक पाहत आपण गल्लीबोळातून चालावे तसे चालत राहतो. धाकट्याने पहिल्याच बैलाला हात लावून खरा आहे का ते पाहिले, आणि बैल हलला नाही म्हणून तो थोडा हिरमुसला.

पहिला अर्धा तास मीच माहिती देत होतो. सवयीने. बैठकीत बोलतो तसे, एक नंबर, दोन नंबर करत. आबा मागून काठी टेकत येत होते. मुले माझे ऐकत होती, पण इकडेतिकडे बघत होती. खरे संग्रहालय सुरू झाले ते सुताराच्या देखाव्यापाशी.

आबा बोलू लागले

सुताराच्या पुतळ्यापुढे आबा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग धाकट्याचा हात धरून म्हणाले, "आरं बाळ्या, ह्यो वाकस. ह्यो डाव्या हातानं न्हाई चालत. म्या पयल्या वर्साला गुडघ्यावर मारून घेतला हुता." आणि त्यांनी धोतर वर करून गुडघ्यावरचा वण दाखवला. माझे वय छत्तीस. तो वण मी लहानपणापासून पाहिला होता, कशाचा ते कधी विचारले नव्हते.

मग आबा थांबेनात. पटाशी, रंधा, सामता, करवत, एकेकाचे नाव आणि काम. बाभूळ औताला का घ्यायची आणि बैलाच्या मानेवर येणारे जू हलक्या लाकडाचे का करायचे. "जू जड झालं, न्हाईतर त्याची बाजू खडबडीत ऱ्हायली, की बैलाचा खांदा सुजतुया. मग शेतकरी बैलाला बोल लावत न्हाई, सुताराला लावतुया." खांदेसूज हा विषय आम्ही पदविकेच्या वर्गात जनावरांच्या आजारात शिकलो होतो. त्यावरचा उपचार मला ठाऊक होता, तो टाळायचा कसा हे आज कळले.

पेरणीच्या देखाव्यापाशी कुरी होती. पुणे-नगरकडे हिला पाभर म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात तिफण. पुढे बैल, मागे चाड्यावर मूठ धरून बी सोडणारी बाई. आबांनी थोरलीला विचारले, "बी किती खोल पडायचं, ते कोण ठरवतंय?" तिला सांगता येईना. मलाही लगेच सांगता आले नाही. "येठण," आबा म्हणाले. जू आणि दांडी बांधणारी दोरी म्हणजे येठण. ती मागेपुढे सरकवली की फणाचा कल बदलतो आणि बी कमीजास्त खोल जाते. ओल कुठवर आहे ते पेरणाऱ्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरून पाहायचे आणि त्याप्रमाणे येठण बांधायचे.

"आन् दोन फणात अंतर किती ठेवायचा, आबा?" मी विचारले.

"शाळूला हातभर."

हातभर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट. आमच्या घडीपत्रिकेत रब्बी ज्वारीच्या दोन ओळींतले अंतर छापलेले असते ४५ सेंटिमीटर. दीड फूट म्हणजे तेवढेच! मी हा आकडा किती बांधांवर उभा राहून सांगितला असेल याची गणती नाही. आणि तो ज्यांच्या हातात होता त्यांचीच कुरी मी बंबात घातली. मी तसे बोलून दाखवले. आबा म्हणाले, "आरं, लाकूड हाय ते. जळायचंच." पण मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती लक्षात राहिली.

आईचे बियाणे

आई इतका वेळ सौ.बरोबर जात्याच्या आणि चुलीच्या देखाव्यात रमली होती. धान्याची कणगी पाहून तिनेही तोंड उघडले. कणगी आतून-बाहेरून शेणाने सारवायची, धान्यात कडुलिंबाचा पाला आणि राख घालायची, तोंड मातीने लिंपायचे. हे बऱ्याच घरांत माहीत आहे. पण बियाण्याचे धान्य कणगीत जात नसे, ते वेगळे. उभ्या पिकात फिरून टपोरी, भरगच्च, एकसारखी पिकलेली कणसे आधी निवडायची आणि चुलीच्या वर आढ्याला टांगायची. धुराने कीड लागत नाही. "माझी सासू कापणीच्या आधी तीन डाव शेतात जायची. पयल्या फेरीला नुस्तं बघायची. हात लावायची न्हाई," आई म्हणाली.

शेतकरी बंधूंनी याचा विचार करावा. मोहोळच्या संशोधन केंद्राने मालदांडी ३५-१ हा शाळूचा वाण दिला तो स्थानिक ज्वारीतूनच निवड करून. आजही कोरडवाहू भागात तो नाव टिकवून आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. म्हणजे निवड करण्याचे शास्त्र आपल्या आयाबायांच्या हाती होतेच, लिहून मात्र कोणी ठेवले नाही.

मोटेच्या विहिरीवरचा प्रश्न

ऊन चढले होते. मोटेच्या देखाव्यापाशी सावली बघून बसलो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. बैल धावेवरून उतरले की नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतते. बैल उलट पावली मागे आले की मोट पुन्हा खाली. आबांनी धाकट्याला मोटकऱ्याचा आवाज काढून दाखवला. शेजारी उभी असलेली दोन अनोळखी कुटुंबेही ऐकायला थांबली.

थोरलीने वही काढली होती. ती एकेक भाग लिहून घेत होती आणि तो कोणी केला ते विचारत होती. चाक आणि कणा कोणाचा? सुताराचा. लोखंडी कडे? लोहाराचे. नाडा? मांगाने वळलेला. कातडे? ढोराने कमावलेले. आणि शिवली कोणी? चांभाराने. तिने वहीत सगळी नावे लिहिली आणि विचारले, "मग ही सगळी इथलं पाणी प्यायची?"

आबांनी लगेच उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "आमी पेत हुतो. नाडा वळणारा न्हवता पेत. मोट शिवणाराबी न्हवता."

"का?"

"त्यांनी शिवलं तर पाणी बाटतंय म्हणायचं."

"पण मोट तर त्यांनीच शिवलेली, आणि ती रोज पाण्यात बुडत होती!"

यावर आम्हा कोणाकडेच उत्तर नव्हते. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "व्हय. आमच्या ध्यानात नव्हतं आलं, आसं न्हाई. पण आमी बोललो न्हाई."

तो दिवस मला आठवतो तो या वाक्यासाठी. आबांनी जुन्या दिवसांचे कौतुक केले तेवढ्याच मोकळेपणाने हेही सांगितले. मी मुलीला पुढचे सांगितले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले, कारण वतनाच्या नावाखाली महारांना रात्रंदिवस राबवून घेतले जाई आणि मोबदला तुटपुंजा असे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली आणि गावकीची कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपली. मुलीने ही सालेही त्याच पानावर लिहिली, मोटेच्या चित्राखाली.

बलुत्याचा हिशेबही आबांनी सांगितला. खळ्यावर रास झाली की बलुतेदार जमायचे. सगळ्यांना सारखे मिळत नसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी दिल्या आहेत. महसूल खात्यात काम करताना डोळ्यांनी पाहिलेले त्यांनी लिहिले. ग्रामसेवक, तलाठी बंधूंनी ते पुस्तक जरूर वाचावे. आबांचे म्हणणे थोडक्यात असे: "पीक आलं तर बलुतं. पीक न्हाई आलं तर वर्सभर औत भरलेलं फुकट गेलं. शेतकऱ्यावर राग धरायचा तर त्याच्या घरातबी काय नसायचं."

लोखंडी नांगर आणि पोटावरचा घाव

भाकरी खाताना लोखंडी नांगराचा विषय निघाला. हा इतिहास तर आपल्या सांगली जिल्ह्याचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा समजूत होती, त्यामुळे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आम्हा विस्ताराचे काम करणाऱ्यांना ही गोष्ट प्रशिक्षणात नेहमी सांगतात, ती शेतकरी नवे लवकर घेत नाही हे दाखवायला. आबांनी तिची दुसरी बाजू सांगितली. "नांगर चांगलाच हुता. खोल जायाचा. पर त्यो आला आन् आमच्या आज्याचं लाकडी नांगराचं काम गेलं. मग कुळव-कुरी ऱ्हायली. टॅक्टर आला, ती बी गेली. लोकांचं भलं झालं, त्याला आमी वाईट म्हणलं न्हाई. पर आमास्नी कुणी इचारलं न्हाई, की आता तुमी काय करणार म्हणून."

शंभर वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही लागू आहे. गावात नवे यंत्र आले की अनुदानाचा, क्षमतेचा, डिझेलचा हिशेब आम्ही मांडतो. त्या यंत्राने कोणाचे काम जाणार आणि त्याच्या हाती दुसरे काय देता येईल हा रकाना आमच्या कागदात नसतो. सुताराच्या पोराला यंत्रदुरुस्तीचे शिक्षण मिळाले तर तोच यंत्र सांभाळील. हात तोच, हत्यार तेवढे बदलेल.

पुतळ्यांत न मावणारे

निघताना आबांना विचारले, "कसं वाटलं गाव?"

"झ्याक हाय. समदी माणसं कामात हायती. पर ह्यात बहात्तर साल न्हाई."

१९७२ च्या दुष्काळात आबा खडी फोडायला जात होते. मिलोच्या भाकरी, सुकडी आणि रस्त्याकडेचे खडीचे ढीग त्यांनी परतीच्या वाटेवर मुलांना सांगितले. त्या दुष्काळी कामांतून रुजलेल्या रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ साली आपल्याच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती, हे मी जोडले. संग्रहालयाने माणसाचे काम आणि कसब दाखवायचे ठरवले आहे आणि ते नेटकेपणाने दाखवले आहे. भूक आणि तहान पुतळ्यात दाखवणे अवघडच. ती सांगायला आबांसारखे माणूस बरोबर हवे.

म्हणून वाचकांना माझी पहिली सूचना हीच. अशा ठिकाणी मुलांना न्यायचे तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, आणि तिथे आपण गप्प बसा. चालणे बरेच आहे, ऊन लागते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. कणेरीतच कृषी विज्ञान केंद्रही आहे. शेतकऱ्यांनी सहल काढताना दोन्ही जोडून घ्यावे.

दुसरी सूचना ग्रामपंचायतीला आणि शाळेला. सात एकर नकोत, शाळेची एक रिकामी खोली पुरे. गावातल्या माळ्यावर, पडवीत पडलेले कुळव, चाडे, मापटे, पायली, रहाटाचे चाक भंगारात जाण्याआधी मागून घ्यावे. प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावावी: वस्तूचे आपल्या गावातले नाव, कोणाच्या घरातली, कोणी केली, कशाची केली आणि कशाला लागे. वस्तू करणाऱ्याचे नाव विसरू नये. नाडा वळणाऱ्याचे तर मुळीच नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसांकडे मुलांना पाठवून प्रश्न विचारायला लावावे. यासाठी कोणत्याही योजनेची आणि मंजुरीची गरज नाही. घाई मात्र आहे, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

घरी पोहोचायला रात्र झाली. मुले गाडीतच झोपली होती. थोरलीच्या वहीत अवजारांची आणि त्यांच्या भागांची त्रेपन्न नावे भरली होती. त्यातली सोळा मला नवी होती.

पुढच्या रविवारी उठलो तर अंगणात ठोकाठोक चालली होती. आबांनी आपली हत्यारांची पेटी बाहेर काढली होती आणि वाकसाला नवा दांडा बसवत होते. समोर बाभळीचा एक ओंडका पडला होता, आणि दोन्ही पोरे तो धरून बसली होती. मी विचारले, "काय करताय, आबा?"

"कुरी," ते म्हणाले. "ल्हान करतुया, हातभर. ही पडवीत ठिवायची न्हाई. शाळंत द्यायची."